जुन्या जहाजाची डागडुजी कोठवर?

ता. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं हिंदुस्थान सरकारच्या संरक्षण खात्यानें कोचीन शिपयार्ड या सरकारी कंपनीशीं एक करार केला. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजास सुक्या गोदींत घ्यावें, त्याची अल्प मुदतीची दुरुस्ती करावी, आणि त्या कामापोटीं कंपनीस सुमारें १,२०७ कोटी रुपये मिळावे, असा त्याचा मतलब आहे. लढाईची बातमी असती तर ती चौकाचौकांत वाचली गेली असती. ही डागडुजीची बातमी असल्यामुळें बहुतेकांनीं ती वाचून पान उलटलें. आमच्या मतें आपल्या आरमाराची खरी स्थिति लढाईच्या बातमीपेक्षां अशा डागडुजीच्या बातमींतच अधिक स्पष्ट दिसते. म्हणून तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

पुणें समुद्रापासून दूर असलें तरी हा प्रश्न पुणेकरांस परका वाटण्याचें कारण नाहीं. ज्या गृहस्थानें सदाशिव किंवा कसबा पेठेंतील आपल्या वडिलोपार्जित वाड्याची दुरुस्ती एकदां तरी काढली असेल त्यास नौकाशास्त्र शिकविण्याची गरज नाहीं. कौलें बदलावीं म्हणून माणूस वर चढवावा, तों वासे कुजलेले निघतात. वाशांस हात घालावा, तों तुळईस वाळवी लागलेली असते. तुळई उतरवावी, तों भिंतच पुढें झुकते. अंदाज पन्नास हजारांचा आणि खर्च पांच लाखांचा, हा अनुभव कोणास नाहीं? यांत सुताराची लबाडी असतेच असें नव्हे. आंत उघडून पाहण्यापूर्वींच किंमत ठरविली, हा मूळ दोष. जहाजाची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं हा वाडा समुद्रावर तरंगणारा असून त्यांत सोळाशेंच्या घरांत माणसें राहतात, आणि त्याच्या छपरावरून विमानें उडतात.

प्रथमच सांगून ठेवतों कीं, जुनें जहाज घेणें किंवा तें दुरुस्त करून वापरणें यांत आम्ही कमीपणा मानीत नाहीं. मुंबईच्या गोदींत पारशी वाडिया कारागिरांनीं सागवानाचें बांधलेलें ‘कॉर्नवॉलिस’ हें ७४ तोफांचें जहाज १८१३ सालीं पाण्यांत उतरलें. त्याच्याच तक्तपोशीवर १८४२ सालीं इंग्रजांनीं चीनकडून नानकिंगचा तह करून घेतला. आणि शिडांचे दिवस मावळूं लागल्यावर १८५५ सालीं त्यास वाफेचें यंत्र व पंखा बसवून पुन्हां कामास जुंपलें. आमच्या लोकांची कारागिरी परक्यांच्या राज्यविस्ताराच्या कामीं आली याचें दुःख वेगळें. परंतु सांगाडा उत्तम असेल तर जुन्या जहाजास नवें आयुष्य देतां येतें, ही गोष्ट मुंबईच्या सागवानानें तेव्हांच सिद्ध केली आहे.

स्वतंत्र हिंदुस्थानचीं पहिलीं दोन विमानवाहू जहाजें दुसऱ्याच्या गोदींतूनच आलीं. ‘विक्रांत’ हें मूळचें इंग्रजांचें ‘हर्क्युलीस’. दुसरें महायुद्ध संपतांच १९४६ सालीं तें अर्धवट स्थितींत टाकून देण्यांत आलें, १९५७ सालीं आपण तें विकत घेतलें, पुरें करून घेतलें, आणि ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें त्यावर आपला ध्वज चढला. १९७१ चें युद्ध तोंडावर आलें तेव्हां या जहाजाच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडा गेलेला होता. जहाज गोदींत ठेवावें असा सल्ला देणारे होतेच. परंतु आपल्या तंत्रज्ञांनीं तडा तपासला, वेग किती उतरेल व धोका किती पत्करावा लागेल याचा हिशेब मांडला, आणि उरलेल्या तीन बॉयलरांवर ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरांत गेलें. ता. ४ डिसेंबर रोजीं त्याच्या विमानांनीं कॉक्सबझार व चितगांव येथें हल्ले चढविले. येथें मोल आहे तें धाडसाचें खरें, पण त्याहून अधिक आधीं केलेल्या तपासणीचें.

दुसरें जहाज ‘विराट’. इंग्लंडांत बॅरो येथें १९४४ सालीं त्याचा पाया घातला गेला, १९५९ पासून ‘हर्मीस’ या नांवानें त्यानें इंग्रजांची चाकरी केली, १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धांत तें इंग्रजी आरमाराचें मुख्य जहाज होतें. आणि डेव्हनपोर्ट येथें डागडुजी करून १२ मे १९८७ रोजीं तें आपल्या आरमारांत दाखल झालें. तेथून पुढें ६ मार्च २०१७ पर्यंत म्हणजे तीस वर्षें, पहिल्या धन्याकडे झाली होती त्याहून अधिक सेवा त्यानें आपल्याकडे केली. घेतेवेळीं जहाज चालूं स्थितींत होतें, नुकत्याच झालेल्या युद्धांत कसास लागलेलें होतें, आणि दुरुस्ती ज्या देशांत तें जन्मलें तेथेंच झाली. हा सौदा कोणाहि व्यापाऱ्यानें वाखाणावा असाच होता. तरी जुनेपण कोणास चुकलें आहे? त्या जातीचीं जहाजें इंग्रजांनीं केव्हांच मोडीत काढल्यामुळें सुटे भाग मिळेनात, मुंबई-कोची अशा गोदीच्या फेऱ्या वाढल्या, आणि २०१६ सालीं स्वतःच्या यंत्रबळावर कोचीस गेलेलें हें जहाज त्याच वर्षीं दुसऱ्या बोटींनीं ओढीत मुंबईस आणावें लागलें.

आतां ‘विक्रमादित्या’कडे वळूं. हें सोव्हिएत आरमाराचें ‘बाकू’, पुढें ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’. १९८७ सालीं तें सेवेंत आलें. १९९४ सालीं त्याच्या बॉयलरच्या भागांत स्फोट झाला. १९९६ सालीं रशियानें तें निकामी ठरवून बाजूस काढलें. ता. २० जानेवारी २००४ रोजीं आपण करार केला. त्याचें स्वरूप मोठें लोभावणारें होतें: जहाज फुकट, फक्त दुरुस्तीचे व फेरबांधणीचे ९७.४ कोटी डॉलर द्यावे, आणि २००८ सालीं जहाज घेऊन जावें. फुकट मिळालेल्या वस्तूच्या दुरुस्तीचा खर्च हीच तिची किंमत असते, हें मंडईंतला दुकानदारहि जाणतो. पुढें झालें तें वाड्याच्या दुरुस्तीसारखेंच. पुढची क्षेपणास्त्रें काढून तेथें विमानें उडविण्याचा चढ करावयाचा होता, तेव्हां जहाज जवळजवळ उकलावेंच लागलें. उकलल्यावर विजेच्या तारांपासून पोलादी पत्र्यांपर्यंत काम अंदाजाबाहेर निघालें. काम घेणारा सेव्हेरोद्विन्स्क येथील कारखाना पाणबुड्या बांधण्यांत मुरलेला. विमानवाहू जहाज त्यानें पूर्वीं बांधलें नव्हतें. रशियानें वाढीव रक्कम मागितली. २००९ सालीं आपल्याच महालेखापरीक्षकांनीं ठपका ठेवला कीं, मर्यादित आयुष्याच्या जुन्या जहाजासाठीं आपण नव्या जहाजाहून अधिक पैसे मोजीत आहों. तरीहि २०१० सालीं २३५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०१२ च्या समुद्रावरील चाचणींत आठांपैकीं सात बॉयलर नादुरुस्त झाले, आणखी एक वर्ष गेलें, आणि अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं जहाज आपल्या हातीं आलें. मुदत पांच वर्षांनीं चुकली, किंमत अडीचपटीच्या जवळ गेली.

वकिलाच्या दृष्टीनें पाहिल्यास या प्रकरणीं रशियाकडे बोट दाखवून सुटका होत नाहीं. विकणारा आपला फायदा पाहणारच. पण ज्या करारांत कामाची व्याप्ति नीट मोजलेली नाहीं, तो करार म्हणजे कोरा धनादेश होय. काम निम्मे झाल्यावर खरेदीदार परत फिरूं शकत नाहीं. त्याचे पैसे अडकलेले, जुनें जहाज थकत चाललेलें, आणि दुसरा विकणारा कोठें नाहीं. २००७ ते २०१० या काळांत आमचें सरकार नेमकें याच कोंडींत होतें. कोणी म्हणतील, त्या वेळीं दुसरा उपाय नव्हता; कोणतेंहि राष्ट्र नवें विमानवाहू जहाज आपणांस विकावयास तयार नव्हतें, आणि ‘विराट’ म्हातारें झालें होतें. हें आम्हांस मान्य आहे. जहाज आल्यापासून तें उपयोगीं पडलें, जानेवारी २०२० मध्यें देशी बनावटीचें ‘तेजस’ विमान त्यावर उतरलें, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दुसरा उपाय कां नव्हता? १९६१ पासून २००४ पर्यंत त्रेचाळीस वर्षें हाताशीं असतां आपण स्वतःच्या गोदींत एकाहि अशा जहाजाचा पाया घातला नाहीं, म्हणून! ‘विराट’ थकणार हें तें घेतलें त्याच दिवशीं ठाऊक होतें.

दुरुस्तीनें जहाज पूर्ववत् होतें, पण समुद्र पूर्ववत् राहत नाहीं. याचा एक जुना दाखला आहे. १९०५ सालीं त्सुशिमाच्या लढाईंत जपाननें रशियाचें आरमार बुडविलें. त्या लढाईंतील जपानी सेनापतीचें जहाज ‘मिकासा’. तेंहि ‘विराट’प्रमाणें बॅरोच्याच गोदींत बांधलेलें. विजयानंतर थोड्याच महिन्यांत दारूगोळ्याच्या स्फोटानें तें सासेबो बंदरांत बुडालें. जपान्यांनीं तें वर काढलें, दुरुस्त केलें, आणि १९०८ सालीं पुन्हां सेवेंत आणलें. परंतु मध्यंतरीं १९०६ सालीं इंग्रजांचें ‘ड्रेडनॉट’ पाण्यांत उतरलें होतें, आणि त्याच्या एका जातीच्या अवजड तोफांपुढें व वेगापुढें आधींचीं सर्व युद्धजहाजें एका दिवसांत जुनीं ठरलीं होतीं. ‘मिकासा’ची दुरुस्ती वाया गेली नाहीं, पण जपाननें तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं, आपल्या गोदींतून नवीं जहाजें काढलीं. आमच्या काळचा दाखला हवा असेल तर १९८३ सालीं सेवेंत आलेलें रशियाचें ‘मोस्क्वा’ घ्या. मधल्या काळांत दुरुस्त्या झालेलें हें जहाज एप्रिल २०२२ मध्यें युक्रेननें किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनंतर काळ्या समुद्राच्या तळाशीं गेलें.

‘विक्रमादित्या’च्या या दुरुस्तीस आमचा विरोध नाहीं. ती करावीच लागते. एप्रिल २०१९ मध्यें कारवार बंदरांत शिरतांना त्यावर आग लागली व ती विझवितांना एका तरुण अधिकाऱ्याचा बळी गेला. जहाजावरील माणसांच्या जीविताशीं काटकसरीचा खेळ कोणी करूं नये. शिवाय हें काम आपल्याच गोदींत होणार, पैसा परदेशीं जाणार नाहीं, आणि लहानमोठ्या पन्नासेक कारखान्यांस त्यांतून काम मिळेल असें सरकार सांगतें. ही विद्या अशीच हातांतून हातांत जाते. आमचा प्रश्न दुरुस्तीनें मिळणाऱ्या वेळाविषयीं आहे. त्या वेळाचें सरकार काय करणार?

येथें साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. कोचीच्याच गोदींत बांधलेल्या नव्या ‘विक्रांत’चा पाया फेब्रुवारी २००९ मध्यें घातला गेला, आणि तें २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत दाखल झालें. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक. हा दुरुस्तीचा करार झाला त्या दिवसापर्यंत पुढच्या जहाजाचा पाया कोणत्याहि गोदींत घातलेला नव्हता. समजा, तो त्याच दिवशीं घातला असता आणि कामास तितकाच वेळ लागला असता, तर तें जहाज २०३८ च्या सुमारास तयार झालें असतें. त्या वेळीं ‘विक्रमादित्य’ एक्कावन वर्षांचें असेल. दुसऱ्या जहाजाने जो अनुभव दिला तो ध्यानीं घेतां बांधणी थोडी लवकर होईल असें धरलें, तरी हिशेब फारसा बदलत नाहीं. नवें हवें कीं नको यावर मतभेद असूं शकतो. पाणबुड्यांवर पैसा खर्चावा असें म्हणणाऱ्या जाणत्या लोकांची बाजूहि हलकी नाहीं. पण ‘नको’ म्हणावयाचें असेल तर तसें स्पष्ट म्हणावें. निर्णय न घेतां दुरुस्तीमागून दुरुस्ती मंजूर करीत जाणें म्हणजे ‘होय’ म्हणण्याचा खर्च करून ‘नाहीं’ म्हणण्याचें फळ पदरीं पाडून घेणें आहे.

ज्यांस हा विषय दिल्लीचा वाटतो त्यांनीं खडकीपर्यंत जावें. एप्रिल २०२५ मध्यें सरकारनें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या आमच्या पुण्याच्या कंपनीशीं ६ मेगावॉट शक्तीच्या सागरी डिझेल इंजिनाचा नमुना तयार करण्याचा २७० कोटी रुपयांचा करार केला. खर्चाचे शेंकडा ७० सरकार सोसणार आहे. पोलादी सांगाडा आपण बांधतों, पण त्याचें हृदय आजवर बहुशः परदेशांतून येत आलें; ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु एका नमुन्यावर कारखाना चालत नाहीं. पुढें किती जहाजें बांधलीं जाणार, केव्हां, कोणत्या इंजिनांवर, हें ठाऊक असल्याशिवाय कोणता कारखानदार यंत्रसामग्रींत पैसा घालील, आणि कोणती पेढी त्यास कर्ज देईल?

निर्णयाच्या या चालढकलीचा शेवट कसा होतो तें दोन्ही जुन्या जहाजांनीं दाखविलें आहेच. जपान्यांनीं ‘मिकासा’ १९२६ पासून योकोसुका येथें स्मारक म्हणून जतन केलें. आमचें ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झालें, कांहीं वर्षें मुंबईंत संग्रहालय म्हणून उभें राहिलें, त्याच्या भवितव्याच्या बैठका होत राहिल्या, आणि २०१४ सालीं सुमारें ६० कोटींस तें भंगारांत गेलें. त्याचें कांहीं पोलाद आमच्याच आकुर्डीच्या बजाज कंपनीनें वितळवून २०१६ सालीं मोटारसायकलींत घातलें. इतिहासाची तेवढी तरी आठवण रस्त्यावर उरली! ‘विराट’साठीं महाराष्ट्र मंत्रिमंडळानें २०१८ सालीं सिंधुदुर्गांत निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयाची योजना मंजूर केली. दोन वर्षांनीं तें ३८ कोटी ५४ लाखांस लिलावांत गेलें व अलंगच्या किनाऱ्यावर ओढलें गेलें. योजना मंजूर करणाऱ्या मंत्र्यांपैकीं किती जण निवतीस गेले होते, हें विचारण्याचा मोह आम्ही आवरतों.

आमची मागणी एवढीच आहे. ‘विक्रमादित्या’च्या यापुढील कोणत्याहि दुरुस्तीचा खर्च मंजुरीस येईल तेव्हां त्याबरोबर, गोदींत उघडल्यावर सांगाडा, बॉयलर व तारा कोणत्या स्थितींत आढळल्या आणि जहाजाचीं किती वर्षें उरलीं, याचा लेखी दाखला संसदेच्या संरक्षण समितीपुढें ठेवावा. गुप्त ठेवण्याजोगा भाग समितीनें खुशाल गुप्त ठेवावा. त्याच बैठकींत त्याच्या जागीं यावयाच्या जहाजाचा, किंवा तें न बांधण्याचा, ठराव तारीख घालून नोंदवावा, आणि त्याखालीं मंत्र्यांनीं सही करावी. महाराष्ट्रांतून निवडून गेलेले अठ्ठेचाळीस सभासद लोकसभेंत बसतात. यांपैकीं एकानें तरी हा प्रश्न येत्या अधिवेशनांत लेखी विचारावा.