पाण्यातले मांजर की कुत्रा?

मराठीत आपण ज्याला पाणमांजर म्हणतो, त्यालाच कन्नडात ‘नीरुनायी’, म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणतात. आमच्या घरी यावरून नेहमी गमतीचा वाद होतो. असो. आज सांगायचे आहे ते त्याच्या अलास्कातील समुद्री भावंडाविषयी.

थंड समुद्रातले देवमासे, सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. समुद्री पाणमांजराला तो नाहीच. सारी भिस्त केसांवर. दाट जागी एका चौरस सेंटीमीटरात लाखाहून अधिक केस! त्यांत हवा अडकते, गार पाणी कातडीला लागतच नाही. शिवाय अंगातली शेगडी पेटती ठेवायला हा प्राणी रोज वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा खातो.

या केसांपायीच माणसाने त्याची बेसुमार शिकार केली. १९११च्या करारानंतर तो कसाबसा वाचला. पुढे १९८९ मध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले. केस चिकटले, हवा गेली, हजारावर पाणमांजरे मेली.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्यांनी अंग चाटून साफ नाही केले?”

केले होते. तेच तेल पोटात गेले.