संगणकाची नोकरी : परीक्षा हुनराची की जिभेची?

हुपरीत कारागीर कामावर घेताना त्याला कोणी व्याख्या विचारत नाही. चांदी तोलून हातात दिली जाते. पैंजण तयार होऊन आले की पुन्हा तोलतात, घट किती गेली ते पाहतात, टंच काढतात. झाली परीक्षा! आता याच कारागिरांची आणि आम्हा व्यापाऱ्यांची मुले इंजिनिअरिंग, बीसीए करून पुण्या-बंगळुरूकडे संगणकाच्या नोकऱ्या मागायला जातात, आणि कित्येक जण इंटरव्ह्यूतून परत येतात. ‘इंग्रजी कमी पडले’ एवढे सांगून घरी गप्प बसतात. आम्ही कापडवाले, त्या विद्येतले आम्हाला ओ की ठो कळत नाही. म्हणून अशा चार-पाच मुलांना बसवून, आत नेमके काय घडते ते खोदून विचारले.

ही मुले मागतात ती फ्रंट-एंडची कामे. संकेतस्थळावर ग्राहकाच्या नजरेला जे पडते ते रचायचे. आमच्या भाषेत, गादीवर ठाण उलगडून दाखवायचे. गोदाम आणि वही मागे वेगळी. त्यासाठी एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट लागते, आणि २०१३ साली फेसबुकने सर्वांना खुले केलेले रिअ‍ॅक्टही बहुतेक ठिकाणी मागतात.

काही प्रश्न कामाचे असतात. ग्राहक शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाइप करतो. प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धाव घेतली जाऊ नये, असे करून दाखवा. हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो, रोजच्या धंद्यातला आहे. पण दोन बरोबरची चिन्हे आणि तीन बरोबरची चिन्हे यांत फरक काय, यावर अर्धा तास घालवणारेही भेटतात. ब्रेंडन आयक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभा केला. त्या घाईत काही वाकडे कोपरे राहून गेले, आणि आमच्या मुलांना नेमके त्याच कोपऱ्यांत गाठले जाते.

खरी अडचण पुढे येते. मुलाच्या संगणकाचा पडदा समोरच्याला दिसत असतो, तो प्रत्येक अक्षर न्याहाळतो, आणि मुलाने हात चालवता चालवता इंग्रजीतून विचारही बोलून दाखवायचा असतो. घरी हेच काम झटक्यात करणारा मुलगा तिथे थिजतो. याला केवळ उर्दू वा मराठी शाळेचा दोष मानू नये. २०२० साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर बोलत बोलत उत्तर लिहायचे, बाकीच्यांनी बंद खोलीत एकट्याने. नजरेखाली बसलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. त्यांतल्या मुली तर सगळ्याच नापास झाल्या, आणि एकांतात बसलेल्या सगळ्या पास! तिथे ही गत, तर हुपरीच्या मुलीने काय करावे?

एका मुलाला ‘घरून करून द्या’ म्हणून दोन दिवसांचे काम दिले गेले. त्याने रात्र जागून ते पाठवले. पुढे होय नाही, नाही नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी चुकती करण्याची शिकवण असलेली आम्ही माणसे. निदान जबाब तरी द्यावा की नाही? काम देऊन पारखणे उत्तम, पण ते दोन तासांचे असावे.

मुलांचेही थोडे चुकते. क्लासवाल्याने दिलेली शंभर प्रश्नांची उत्तरे पाठ करून ती जातात आणि पहिला उलटा प्रश्न आला की संपतात. उस्तादाजवळ बसून काय करतो आहोत, का करतो आहोत हे सांगत काम करण्याची सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा, हेही ठाऊक नसते. ही सवय लावायला फी लागत नाही. आम्ही गुणवंतांच्या सत्काराला मंडप घालतो, शाली देतो. त्याऐवजी ईदला गावी येणाऱ्या नोकरदार मुलांकडून दोन दुपारी मागून घ्याव्यात आणि नव्या मुला-मुलींचा खोटा इंटरव्ह्यू घ्यायला लावावा. मदरशाची खोली दुपारी रिकामीच असते. एक संगणक आणि दोन खुर्च्या आमच्या दुकानातून पाठवू.