अर्जाआधीचे श्रवण

तालुका कचेरीचे उंबरठे ज्याने कधी झिजवले आहेत, त्या शहापूर-मुरबाडकडील मनुष्याला अर्ज म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही : मजकूर ठरलेला, शेवटी नम्र विनंती, खाली सही अथवा अंगठा, आणि मग हुकमाची वाट पाहणे. आपली प्रार्थनाही बहुतांशी याच दप्तरात जमा होते. ख्रिस्ती माणूस म्हणून मीही वर्षानुवर्षे अशाच दरखास्ती देवापुढे ठेवीत आलो, आणि त्यात काही गैर आहे असे मला आजही वाटत नाही. परंतु ज्याच्यापाशी मागावयाचे त्याचे म्हणणे एकदाही नीट ऐकून न घेता नुसते मागतच राहावे, ह्याला संवाद म्हणता येणार नाही, आणि प्रार्थना कोरडी झाल्याची जी तक्रार भाविकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते तिचे मूळ मला येथेच दिसते.

बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन मठाचे प्रमुख दुसरे ग्विगो यांनी एका मित्राला पत्र लिहून, हाताने काम करीत असता आपणांस सुचलेली एक चार पायऱ्यांची शिडी कळविली : वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. श्रवण, मनन व निदिध्यासन हा क्रम जाणणाऱ्या आपल्या देशाला ही शिडी परकी वाटण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की प्रार्थना येथे तिसऱ्या पायरीवर आहे. वाचनाने घास तोंडात पडतो, मननाने तो चावला जातो, आणि रुची लागली म्हणजे मग मागणे उमटते. जुने मठवासी ह्या मननाला रवंथच म्हणत. आणि दुपारच्या वेळी झाडाच्या सावलीत डोळे अर्धवट मिटून बसलेली गुरे ज्याने पाहिली आहेत, त्याला ह्या शब्दावर भाष्य नको.

पहिल्या स्तोत्रातील धन्य मनुष्य रात्रंदिवस मनन करतो असे आपण वाचतो, तेथे मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या ग्रंथात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आला आहे. म्हणजे हे मनन ओठांनी व कानांनी करावयाचे. सायंकाळी टाळ घेऊन हरिपाठाला बसणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ही गोष्ट उपजतच ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ती ओळखली असली पाहिजे, एरवी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले आपले ख्रिस्तपुराण त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत कशाला रचिले असते ?

कल्याणच्या शाळेत बालपणी शिकलेल्या नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचीत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे त्यांची प्रार्थना अभंगाच्या चालीत उमटली, कारण तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते स्वतः मानीत.

आज मोबाइलवर सकाळीच एक वचन येते, आपण हात जोडल्याचे चिन्ह पाठवितो आणि पुढे जातो. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे संकल्पही होतात; तो उद्योग चांगला आहे, पण अध्यायांचा हिशेब पूर्ण झाला म्हणून घास पचला असे होत नाही. माझे आग्रहाचे म्हणणे असे, की आमच्या मंडळ्यांनी उपासनेतील दहा मिनिटे तरी राखून ठेवावीत, एकच उतारा शुद्ध मराठीत, सावकाश, दोनदा मोठ्याने वाचावा, आणि त्यावर कोणी प्रवचन करू नये. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांची ह्यात कुचंबणा होत नाही. उलट पाठांतराची सवय असल्यामुळे ते पुढेच राहतात.

आरंभ मार्काच्या दहाव्या अध्यायातील बार्तीमयापासून करावा. आग्रा रोडच्या कडेला बसावा तसा हा आंधळा भिकारी यरीहोच्या वाटेवर बसला आहे. लोक त्याला गप्प बसवितात, तो अधिकच ओरडतो, आणि बोलावणे येताच अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. त्याला काय हवे हे कोणाही वाटसरूला दिसत होते. तरीही येशू त्यालाच विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे म्हणतोस ? हे वाक्य दोनचारदा पुटपुटले, की हातातला अर्ज हळूहळू खाली येतो. कारण विचारणारा समोर उभा आहे, आणि आपण लिहून आणलेले मागणे हेच आपले खरे मागणे आहे काय, हे आता आपल्यालाच ठरवावे लागते.