कोरियाच्या दारी भारतीय उद्योग

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर नांदेडहून येणाऱ्या वाहनांच्या वाटा वेगळ्या होतात. काही हिंगोली-अकोल्याकडे वळतात, काही यवतमाळ-नागपूरकडे. त्या अवजड वाहनांत टाटांच्या ‘प्रायमा’ मालिकेतला ट्रक दिसला, तर त्याचे आजोळ दक्षिण कोरियातील गुन्सान या बंदराच्या शहरी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

परकीय कंपन्या भारतात येतात तेव्हा आपल्याकडे मोठी चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु भारतीय उद्योग स्वतः ‘परकीय’ म्हणून दुसऱ्याच्या देशात जातो, तेव्हा तो तेथे कसा वागतो, याचा विचार क्वचितच होतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन उद्योगांचा कोरियातील अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१९९९ मध्ये देवू समूह कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. त्याचा गुन्सान येथील ट्रकचा कारखाना टाटा मोटर्सने मार्च २००४ मध्ये सुमारे १० कोटी २० लाख डॉलरला घेतला. कोरियन समाज स्वदेशी मालाचा कट्टर अभिमानी. समोर ह्युंदाईसारखा बलाढ्य घरचा स्पर्धक, आणि कामगार संघटना कमालीच्या जागरूक. भारतीय येऊन आपल्याला काय शिकवणार, ही शंका तेथे असणे स्वाभाविकच होते. टाटांनी तिचा राग मानला नाही. अधिकाऱ्यांनी कोरियन भाषेचे धडे घेतले, माहितीपत्रके कोरियनमध्ये काढली, कामगारांशी संवाद साधला आणि कारखान्याची सूत्रे कोरियन व्यवस्थापकांकडेच ठेवली. ‘देवू’ हे नावही पुसले नाही. त्याच्या आधी ‘टाटा’ एवढेच जोडले. अधिक शक्तीच्या अवजड ट्रकांचे तंत्र टाटांना हवे होते. ते मिळाले, आणि दोन्ही देशांच्या अभियंत्यांच्या सहकार्यातून ‘प्रायमा’ साकारला.

महिंद्रांची कथा इतकी सरळ नाही. २०११ मध्ये त्यांनी सांगयाँग मोटर या कंपनीचे सुमारे ७० टक्के भाग घेतले. तिचा आधीचा मालक चिनी होता. त्याने तंत्रज्ञान नेले आणि कारखाना वाऱ्यावर सोडला, असा कामगारांचा आरोप होता. २००९ मध्ये तेथे ७७ दिवसांचा उग्र संप झाला होता. दुधाने तोंड पोळलेल्या या कामगारांचा विश्वास महिंद्रांनी हळूहळू मिळवला, कामावरून काढलेल्यांना टप्प्याटप्प्याने परत घेतले. २०१६ मध्ये कंपनी नऊ वर्षांनी नफ्यात आली. तिच्या ‘टिव्होली’ गाडीच्या पायावर उभी राहिलेली एक्सयूव्ही ३०० नाशिकला तयार होऊ लागली. मग तोटा पुन्हा वाढला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या संकटात, महिंद्रांच्या संचालक मंडळाने नवे भांडवल नाकारले. डिसेंबरमध्ये सांगयाँगने न्यायालयाचा आश्रय घेतला आणि २०२२ मध्ये ती केजी या कोरियन समूहाकडे गेली. भागधारकांच्या हिशेबाने निर्णय चूक म्हणता येणार नाही. पण प्योंगटेकच्या कामगाराने पाहिले ते एवढेच, की दुसराही परकीय मालक माघारी फिरला. तंत्र मात्र नाशिकला पोहोचले होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की भारतीय मनाला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि तसे व्हायलाही हवे.

आता उलट बाजू. एलजीचा कारखाना रांजणगावला आहे. जनरल मोटर्सने सोडलेला तळेगावचा कारखाना ह्युंदाईने जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात घेतला आणि तेथे उत्पादन सुरूही झाले आहे. टाटांना कोरियात जी कसोटी लागली, ती या पाहुण्यांना येथे कोण लावणार? सवलती देताना जमीन, वीज आणि पाणी यांचा तपशील बारकाईने ठरतो. संशोधन कोठे होईल आणि परदेशी अधिकारी मराठीची चार वाक्ये तरी शिकतील का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वारंगा फाट्यावरून पुण्याची गाडी धरणारा तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक तेथे केवळ सुटे भाग जोडणार, की काही वर्षांनी गाडीच्या आराखड्यावरही हात ठेवणार, याचे उत्तर राज्य शासनाने ह्युंदाईकडून लेखी मागावे.