नागिणीची लस आणि स्मृतिभ्रंश : या बातमीतून आपण काय घ्यायचे?

‘नागिणीची लस घेतली की म्हातारपणी विस्मरणाचा आजार होत नाही,’ अशा अर्थाची बातमी किंवा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. घरात सत्तरीचे आई-वडील असतील आणि त्यांतल्या कुणाला हल्ली नावे पटकन आठवत नसतील, तर असे काही वाचल्यावर दोन प्रश्न लगेच मनात येतात. हे खरे आहे का? आणि आपण ही लस घ्यावी का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की बातमीला खरा आणि बराच भक्कम आधार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बातमीच्या मथळ्यात नसते. ते नीट कळावे म्हणून आधी नागीण समजून घेऊ.

नागीण म्हणजे नेमके काय?

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपल्याला वाटते, आजार संपला. पुरळ जाते, पण कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ आणि मेंदूच्या तळाशी मज्जातंतूंच्या ज्या बारीक गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो पुन्हा जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. मग त्या पट्ट्यात आग होते, ठणका लागतो आणि पाण्याने भरलेले फोड उठतात. हीच नागीण.

‘नागिणीने कमरेला पूर्ण वेढा घातला, तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो,’ असे आपल्याकडे अजूनही सांगतात. यात तथ्य नाही. मज्जातंतू शरीराच्या एकेका बाजूला असतात, त्यामुळे फोडांचा पट्टा बहुतेक वेळा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. खरा धोका वेगळा आहे. फोड सुकल्यावरही त्या जागेचा ठणका काही जणांना महिनोन्‌महिने छळतो, आणि वय जितके जास्त तितकी ही शक्यता जास्त. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ नागीण उठली तर दृष्टीलाही धोका असतो. म्हणून काव लावण्यात किंवा मंत्र घालून घेण्यात पहिले दिवस घालवू नका. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो.

वेल्समधल्या एका तारखेने काय दाखवले?

आता मूळ संशोधनाकडे येऊ. ते एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

लस आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध शोधण्यात एक जुनी अडचण आहे. जे लोक स्वतःहून लस घेतात, ते सहसा रक्तदाबाच्या गोळ्याही वेळेवर घेतात, चालायला जातात, तपासण्या करून घेतात. त्यामुळे त्यांना स्मृतिभ्रंश कमी झाला तरी श्रेय लशीचे की त्यांच्या सवयींचे, हे ठरवता येत नाही. आरोग्याच्या कितीतरी बातम्या याच कारणाने पुढे खोट्या ठरतात.

वेल्समध्ये ही अडचण योगायोगाने दूर झाली. तिथल्या सरकारने १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला सुरुवात केली. लशीचा साठा मर्यादित होता, म्हणून वयाची रेषा आखली गेली. ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतरचा, ते लशीसाठी पात्र. जे त्याआधी जन्मले, म्हणजे ज्यांना ८० वर्षे पूर्ण झाली होती, ते कायमचे अपात्र.

रेषेच्या अलीकडे आठवडाभर आणि पलीकडे आठवडाभर जन्मलेल्या माणसांचा विचार करा. त्यांच्या खाण्यापिण्यात, शिक्षणात, सवयींत असा कोणता मोठा फरक असणार? काहीच नाही. पण लशीत प्रचंड फरक पडला. रेषेच्या आधी जन्मलेल्यांत लस घेणारे जवळजवळ शून्य, तर लगेच नंतर जन्मलेल्यांत सुमारे ४७ टक्के. संशोधकांनी अडीच लाखांहून अधिक ज्येष्ठांच्या वैद्यकीय नोंदींचा आधार घेतला आणि पुढच्या सात वर्षांत कुणाला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले ते पाहिले.

लस मिळू शकणाऱ्या गटात निदाने कमी होती. या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी लस घेतलीच नव्हती, तरीही फरक दिसला. लस प्रत्यक्ष घेतलेल्यांपुरता हिशेब केला तेव्हा स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. त्याच जन्मतारखेवर दुसरी कोणती सरकारी योजना सुरू झाली होती का, इतर आजारांतही असाच फरक दिसतो का, हेही तपासले गेले. तसे काही आढळले नाही.

ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१६ मध्ये ७० ते ७९ वयोगटासाठी ही लस मोफत झाली. तिथेही वयाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंची तुलना केली गेली आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. एका देशातला आकडा चुकून जुळू शकतो. वेगळ्या देशात, वेगळ्या तारखेला तेच दिसले की विश्वास वाढतो.

‘२० टक्के’ याचा अर्थ काय?

हा आकडा वाचून अनेकांना वाटते, १०० जणांनी लस घेतली तर २० जण वाचतील. तसे नाही. वेल्समधल्या त्या वयोगटात लस न घेतलेल्या १०० जणांपैकी सात वर्षांत साधारण १७-१८ जणांना स्मृतिभ्रंश होतो असे धरले, तर लस घेतलेल्यांत तो साधारण १४ जणांना होतो. म्हणजे शंभरामागे तीन-चार जणांचा फरक. अशा अभ्यासात अंदाजाला मागेपुढे जागा असते. खरा फरक शंभरामागे एकापेक्षा कमी असू शकतो, तसाच सातपर्यंतही असू शकतो.

हा फरक लहान वाटेल. पण स्मृतिभ्रंश पुरेसा लांबवणारे औषध आजही आपल्या हाती नाही. तिथे एका साध्या लशीने इतके साधत असेल तर ती मोठी गोष्ट आहे. फक्त त्याच अभ्यासाने हेही सांगितले की लस घेऊनही १४ जणांना आजार झाला. लस म्हणजे हमी नव्हे.

आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. वेल्समध्ये हा फायदा स्त्रियांमध्ये स्पष्ट दिसला, पुरुषांमध्ये तसा स्पष्ट दिसला नाही.

असे का होत असावे?

दोन शक्यता पुढे आल्या आहेत. एक म्हणजे झोपलेला विषाणू अधूनमधून अर्धवट जागा होत असावा. फोड येत नाहीत, पण मज्जासंस्थेत बारीक दाह सुरू राहतो आणि वर्षानुवर्षांचा हा दाह मेंदूला महागात पडतो. लस विषाणूला दाबून ठेवते, म्हणून दाह टळतो. दुसरी शक्यता अशी की लशीमुळे एकूण प्रतिकारशक्तीलाच वेगळे वळण मिळते. स्त्रियांचे शरीर अनेक लशींना जास्त जोमदार प्रतिसाद देते, त्यामुळे दोघांमधल्या फरकाचा धागा इथे असू शकतो. कोणती शक्यता खरी, हे अजून सिद्ध झालेले नाही.

आपल्याकडे मिळणारी लस तीच आहे का?

नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेल्स आणि ऑस्ट्रेलियात दिलेली लस दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची होती. भारतात २०२३ पासून मिळणारी ‘शिंग्रिक्स’ वेगळ्या पद्धतीची आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, तर विषाणूचे एक प्रथिन आणि प्रतिकारशक्ती चेतवणारे घटक असतात.

या नव्या लशीबद्दल ऑक्सफर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस जुन्या लशीची जागा नव्या लशीने घेतली. त्या बदलाच्या आधी आणि नंतर लस घेतलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांची तुलना केली, तेव्हा नवी लस घेतलेल्यांना स्मृतिभ्रंशाशिवाय अधिक काळ मिळाल्याचे दिसले. पुढे ज्यांना आजार झालाच, त्यांच्या बाबतीत हा वाढीव काळ सरासरी १६४ दिवसांचा होता. चित्र आशादायक आहे. पण लस आणि खोटे इंजेक्शन चिठ्ठ्या टाकून वाटून स्मृतिभ्रंशासाठी घेतलेली चाचणी अजून झालेली नाही, आणि हे अभ्यास भारतीय लोकांवरचे नाहीत.

मग लस घ्यावी का?

लस घ्यायची तर नागीण टाळण्यासाठी घ्या. त्यासाठीचा पुरावा पक्का आहे. मोठ्या चाचण्यांत या लशीने पन्नाशीपुढच्या लोकांत सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. मेंदूला फायदा झाला तर तो वरकड समजा.

डॉक्टरांशी बोलताना या गोष्टी लक्षात असू द्या :

• ही लस ५० वर्षे आणि त्यापुढच्या लोकांसाठी आहे. काही आजारांत किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ती लवकर सुचवली जाऊ शकते.
• दोन डोस लागतात, दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांनी. एकच डोस घेऊन सोडू नका.
• आधी नागीण होऊन गेली असली तरी लस घेता येते. अंगावर फोड असताना मात्र घेऊ नये.
• दंड दुखणे, ताप, अंगदुखी, थकवा हे त्रास बऱ्याच जणांना होतात आणि दोन-तीन दिवसांत जातात.
• सरकारी मोफत लसीकरणात ती नाही. खासगीत दोन डोसांचा खर्च काही हजारांच्या घरात जातो.

शेवटचा मुद्दा नीट तोलून बघा. खर्च झेपत असेल आणि डॉक्टरांनी सुचवले असेल तर जरूर घ्या. झेपत नसेल तर ‘आपण आईसाठी काही केले नाही’ अशी टोचणी मनाला लावून घेऊ नका. मेंदू जपण्याचे बरेच मार्ग याहून स्वस्त आहेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, तंबाखूचे धूम्रपान, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, नैराश्य आणि एकटेपणा आहेत. जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश या कारणांशी जोडलेले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. बाबांना रोज रक्तदाबाची गोळी मिळते का, आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रेंगाळली आहे का, आजोबांना श्रवणयंत्र हवे आहे का, हे आज घरीच पाहता येते.

विस्मरण आधीच सुरू झाले असेल तर?

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी हा प्रश्न आजचाच असेल. अशा रुग्णावर उपचार म्हणून ही लस सुचवली जात नाही. ‘लस दिली की आठवण परत येईल’ असे कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी थांबा.

पहिले पाऊल तपासणीचे असू द्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपाय आहेत. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम सुरू झाला, माणूस ओळखीच्यांना ओळखेना, असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे किंवा पक्षाघात असू शकतो, आणि तिथे काही तासही मोलाचे असतात.