पदक फ्रान्समध्ये, मोबाइल जालन्यात: मधलं काम कोण करतं?

१ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरू शहरात कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल खेळत होता. भारतात दुपार होती. ४५१.४ गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक जिंकलं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं.

खाशाबांचा विजय महाराष्ट्राला छापील बातमीतून कळला. स्वप्नीलचा प्रत्येक शॉट मात्र जालन्याच्या बसस्टँडवर बसूनही मोबाइलवर बघता येत होता. हे कसं घडतं? मोठ्या स्पर्धांसाठी काही आठवड्यांपुरतं एक 'मीडिया शहर' उभं राहतं. त्याबद्दल आपण फार बोलत नाही, पण आपल्याला काय दिसणार आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं.

हे मीडिया शहर म्हणजे काय?

ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत दोन मोठी केंद्रं असतात. पहिलं, इंटरनॅशनल ब्रॉडकास्ट सेंटर म्हणजे आयबीसी. इथे टीव्ही आणि डिजिटल प्रसारणाचं काम चालतं. दुसरं, मेन प्रेस सेंटर. इथे लिहिणारे पत्रकार आणि फोटोग्राफर बसतात.

पॅरिस २०२४ चं आयबीसी ल बूर्जे इथल्या प्रदर्शन केंद्रात होतं. शातोरू पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब. म्हणजे स्वप्नीलचं चित्र आधी शूटिंग रेंजवरच्या कॅमेऱ्यात, तिथून आयबीसीत, तिथून भारतातले हक्क घेतलेल्या कंपनीकडे आणि मग आपल्या स्क्रीनवर, असा प्रवास झाला.

यासाठी बहुतेक वेळा नवी इमारत बांधत नाहीत. प्रदर्शनाचे मोठे हॉल घ्यायचे, आत पार्टिशन टाकून स्टुडिओ आणि कंट्रोल रूम उभारायच्या, स्पर्धा संपली की सगळं उतरवायचं. जत्रेत मंडप घालतात तसंच, फक्त इथे मंडपाच्या आत फायबरचं जाळं आणि जनरेटरचा ताफा असतो. टोकियोतही प्रदर्शन केंद्रच वापरलं. लंडनने २०१२ साठी मात्र नवी इमारत बांधली. आज तिथे 'हियर ईस्ट' नावाने कंपन्या आणि विद्यापीठांची केंद्रं चालतात.

कॅमेरा कुणाचा असतो?

अनेकांना वाटतं की प्रत्येक देशाचं चॅनल आपापले कॅमेरे घेऊन मैदानात उतरतं. तसं नसतं. ऑलिंपिकचं मूळ चित्रीकरण ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस, म्हणजे ओबीएस ही एकच संस्था करते. ही संस्था आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये स्थापन केली. तिचं फीड सगळ्या हक्कधारकांना सारखंच मिळतं.

हे फीड कुठल्याही एका देशाच्या बाजूने नसतं. म्हणून स्टीपलचेसच्या शर्यतीत आपण बीडच्या अविनाश साबळेला शोधत असतो आणि कॅमेरा मात्र आघाडीवरच्या धावपटूंवर असतो. ज्या प्रसारकाकडे पैसा आहे, तो स्वतःचे जादा कॅमेरे आणि मुलाखतीची जागा विकत घेतो. ज्याच्याकडे नाही, तो मिळेल ते दाखवतो.

हक्क नसलेल्या माध्यमांची अवस्था आणखी अवघड. त्यांना स्पर्धेच्या ठिकाणी व्हिडिओ शूट करता येत नाही. ऑलिंपिकची पत्रकार ओळखपत्रं ठराविक असतात आणि लेखी पत्रकार, फोटोग्राफर यांचा कोटा देशाच्या ऑलिंपिक संघटनेमार्फत वाटला जातो. जिल्हा पातळीवरच्या दैनिकाला किंवा छोट्या पोर्टलला तिथे जागा मिळणं दुर्मीळ. त्यामुळे आपल्या गावच्या खेळाडूची बातमीही बऱ्याचदा वृत्तसंस्थेच्या चार ओळींतून येते.

भारताने हे केलं आहे का?

हो. आणि तो अनुभव विसरण्यासारखा नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत प्रगती मैदानात मीडिया सेंटर उभं केलं होतं. यजमान प्रसारक होती प्रसार भारती. दूरदर्शनने त्याच वेळी एचडी प्रसारण केलं. ही जमेची बाजू.

दुसरी बाजू कंत्राटाची. प्रसारणाचं काम एका ब्रिटिश कंपनीला २४६ कोटी रुपयांना दिलं गेलं आणि तिने ते एका भारतीय कंपनीकडे सुमारे १७७ कोटींना सोपवलं. स्पर्धेनंतर नेमलेल्या शुंगलू समितीने या व्यवहारावर गंभीर आक्षेप घेतले. मैदान, खेळाडूंचं गाव यावरचा खर्च लोकांना डोळ्यांनी दिसतो. महिनाभरात उतरवल्या जाणाऱ्या केबल आणि कॅमेऱ्यांचा खर्च दिसत नाही. हिशेब मागायचा तर तो आधीच मागावा लागतो.

जालन्याला याचं काय?

जालन्याला खेळाचं वेड नवीन नाही. २०१८ ची महाराष्ट्र केसरी इथेच रंगली होती. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता जालन्याचाच विजय झोल. प्रश्न एवढाच की हा खेळ आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आणि किती पैशांत येतो.

इथे एक कायदा महत्त्वाचा आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रसारणाच्याच एका खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावंच लागतं. टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५:२५ असं वाटलं जातं, मोठा वाटा हक्कधारकाचा. २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की हे सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येतील, खासगी केबल किंवा डीटीएचवरून नाही. म्हणजे अंबड-घनसावंगीच्या एखाद्या घरात महिन्याचा रिचार्ज नसेल, पण फ्री डिशची छत्री असेल, तर भारताचा महत्त्वाचा सामना फुकट दिसतो तो या कायद्यामुळे. मात्र हा कायदा टीव्ही-रेडिओच्या काळातला आहे. मोबाइलवर फुकट दाखवायचं की पैसे घ्यायचे, हे कंपनीच ठरवते.

मग आता काय बदलतंय?

दोन गोष्टी. एक, पॅरिसमध्ये दूरच्या प्रसारकांना सिग्नल पाठवण्यासाठी क्लाउड हे उपग्रहापेक्षा मोठं माध्यम ठरलं. समालोचक आणि संपादक आता आपल्याच देशात बसून काम करू शकतात. त्यामुळे आणखी एका भाषेत समालोचन देण्याचा खर्च कमी होतो. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठीसह १२ भाषांत समालोचन दिलं, ते याच पद्धतीच्या जोरावर. ऑलिंपिकमध्ये मराठी का नको, याचं तांत्रिक कारण आता उरलेलं नाही. प्रश्न प्रेक्षक आणि जाहिरातींचा आहे.

दोन, २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे पुन्हा एक मीडिया शहर उभं राहणार, तेही शेजारच्या राज्यात. ऑलिंपिकमध्ये ओबीएस यजमान देशातल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन प्रसारणाच्या कामावर घेते. तसा कार्यक्रम इथे आखला तर मराठवाड्यात मास कम्युनिकेशन, आयटीआय करणाऱ्यांना कॅमेरा, साउंड, केबलिंगचं काम शिकता येईल. पण ते आपोआप होणार नाही.

त्यामुळे २०३० ची चर्चा फक्त स्टेडियमपुरती राहू नये. प्रसारणाचं कंत्राट कुणाला आणि कितीला? फुकट काय दिसणार, मोबाइलवरसुद्धा? मराठीत ऐकायला मिळणार का? हे तीन प्रश्न आत्ता, कंत्राटं निघायच्या आधी विचारले तर उपयोग. स्पर्धा संपल्यावर मंडप उतरलेला असतो.