प्रायव्हेट? कुठे आहे कुलूप?

वाकडला आमच्या सोसायटीतली अर्धी बिऱ्हाडं हिंजवडीत नोकरीला. इथे मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तराने पायथनवर बोलायचं म्हणजे अतीच झालं, नाही का? पण नातीचे चार मार्क गेले आणि मास्तर जागा झाला.

कॉलेजच्या चाचणीत प्रश्न होता: क्लास तयार झाल्यावर त्याला बाहेरून मेथड जोडली, तर तिला प्रायव्हेट अ‍ॅट्रिब्यूट वाचता येईल का? अपेक्षित उत्तर, "नाही, कारण तो प्रायव्हेट आहे." पोरीने लिहिलं, "नुसत्या नावाने नाही, पूर्ण नावाने येईल. कारण तो प्रायव्हेट नाहीच." शून्य!

मग बसलो दोघं. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात (हे मला फार आवडलं). 'खाते' नावाचा क्लास केला, त्यात ५०० रुपये 'शिल्लक', नावाआधी दोन अंडरस्कोर. क्लासच्या आत लिहिलेल्या अशा नावाआधी पायथन गुपचूप क्लासचं नाव लावतो. आमच्या हजेरीपटासारखं, आडनाव आधी! घरात बंडू, पटावर कुलकर्णी बंडू. बाहेर लिहिलेल्या फंक्शनमध्ये मात्र हे आडनाव लागत नाही, मग ते नंतर क्लासला कितीही चिकटवा. ते नुसतं "बंडू" म्हणून हाक मारतं. ओ कोण देणार? एरर! आडनावासकट हाक मारली, की ५०० रुपये हजर.

बरं, वाचताना निदान एरर तरी येते. बाहेरच्या मेथडने शिल्लक शून्य करायला गेलो, तर चकार शब्द नाही. बिनआडनावाचा दुसराच बंडू जन्माला आला आणि मूळचे ५०० जागच्या जागी! हे बँकेच्या प्रोग्रॅममध्ये झालं म्हणजे?

दोष पायथनचा नाही. त्याच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्येच लिहिलंय की खरे प्रायव्हेट व्हेरिएबल या भाषेत नाहीत. दोन अंडरस्कोरची सोय आहे ती वारस क्लासमध्ये नावांची टक्कर होऊ नये म्हणून. सी++ मध्ये कंपायलर खरोखर अडवतो. जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या मानकातलं हॅशवालं नाव क्लासबाहेर वापरलं, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. तिथे खुशाल प्रायव्हेट म्हणा. पण सी++ ची व्याख्या पायथनच्या नोट्समध्ये उतरवायची आणि तिच्यावर मार्क कापायचे? हे म्हणजे इंग्रजी व्याकरण हातात धरून मराठीचा पेपर तपासणं झालं.

मी आयुष्यभर पेपर तपासले. मुलाने चूक दाखवली की मार्क परत देत असे, तेही वर्गासमोर. नातीला म्हटलं, लॅपटॉप घेऊन जा, सरांना चालवून दाखव.

"आजोबा, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात," ती म्हणाली.